उरलेल्या चिठ्ठ्या

मु. खैरपाडा, ता. शिरपूर
१० फेब्रुवारी २०२५

सुंदर,

प्रभूच्या नावानं सलाम घे. घ्यायचा नसेल तर राहू दे, पण पत्र तेवढं शेवटपर्यंत वाच. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी माझा आवाज ऐकून मेघाच्या हातात देतेस आणि ती बिचारी पोरगी "मामा, आई झोपलीय" म्हणते. सकाळी दहा वाजता कोण झोपतं? म्हणून हे कागद-पेनचं खटलं करावं लागलं. चाळीस वर्षं थापी धरलेला हात आहे, अक्षर चालवून घे.

मेघा सांगत होती, अमळनेरला लेकीकडे राहायला गेल्यापासून तू एकदाही देवळात गेली नाहीस. नाताळलाही नाही. तिथले पाळकसाहेब घरी आले, त्यांना तू चहा दिलास आणि त्यांनी प्रार्थनेला डोळे मिटले तशी उठून आत गेलीस. नंतर मेघाला म्हणालीस, "ज्यानं माझ्या पोराचं नाव काढलं, त्याच्यापुढं मी आता डोळे मिटणार नाही."

हे ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. तुझी वहिनी म्हणते, पित्त झालंय. असेल.

अगं, बाबांना माती दिली तेव्हा आम्ही सगळे बाप्ये हुंदके देत होतो आणि तू एकटी उभी राहून गीत म्हणत होतीस. भूषणचे वडील गेले तेव्हा तुझ्या कडेवर मेघा होती, तेव्हाही तू रविवार चुकवला नाहीस. मंडळीत कुणाचं काही बिनसलं की पाळक आधी तुझ्याकडे पाठवायचे. आणि आज तूच अशी वागायला लागलीस तर बाकीच्यांनी कुणाकडं बघायचं?

भूषणला जाऊन आठ महिने झाले. एवढ्या लांब, मलावीसारख्या देशात, परक्या मातीत. तुला त्याचं तोंड बघता आलं नाही, मूठभर माती टाकता आली नाही. ते दुःख मी जाणतो. पण मी मोठा भाऊ आहे, मंडळीचा पंच आहे, तेव्हा मला लिहिणं भाग आहे की देवाच्या मनात काय असतं ते आपल्याला कळत नाही. त्यानं बोलावलं, भूषण गेला. आपण मान तुकवायची.

एवढंच लिहायला मला तीन दिवस लागले. पहिले दोन कागद फाडले.

इकडे कमिटी परत उठून बसलीय. भूषण जे देऊळ बांधायला तिकडं गेला होता त्याच्या भिंती झाल्या, छत राहिलंय, म्हणून दुसरी तुकडी पाठवायची म्हणतात. पोरं उड्या मारताहेत. भूषणला देवानं निवडलं, आता आम्हाला निवडू दे, म्हणतात. ईस्टरच्या आधी पुन्हा चिठ्ठ्या टाकायच्या. लिहायच्या मीच, दरवेळी मीच लिहितो.

तू देवळात जा, सुंदर. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी जा.

तुझा भाऊ,
तोताराम


२७ फेब्रुवारी २०२५

सुंदर,

मेघाचा फोन आला. तू पत्र वाचलंस आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलंस. चुलीत घातलं नाहीस, एवढ्यावर मी दोन दिवस काढले. आणि तू तिच्याकडून मला विचारलंयस, की हे परदेशात देऊळ बांधायचं मुळात कुणाच्या डोक्यातून निघालं?

माझ्याच. तुला माहीत आहे, तरी विचारतेस. मग ऐक.

दोन वर्षांपूर्वी नाशिकला मेळावा होता. मलावीहून एक पाळक आले होते. त्यांची मंडळी आंब्याच्या झाडाखाली उपासना करते आणि पावसाळ्यात उठून घरी जाते, असं त्यांनी सांगितलं. मला आपल्या आजोबांची आठवण झाली. खैरपाड्याचं देऊळ बांधायला गोरे लोक बोटीतून आणि मग बैलगाडीतून आले होते, आपल्या आजोबांनी त्यांच्या हाताखाली दगड वाहिला. आपल्यासाठी कुणीतरी समुद्र ओलांडून आलं, आता आपण कुणासाठी तरी जाऊ, असं माझ्या मनात आलं आणि मी भर मांडवात उभा राहिलो. म्हणालो, आमच्याकडे द्यायला दुसरं काही नाही, पण मेस्त्री आहेत, सुतार आहेत. आम्ही हात पाठवतो. लोक आधी हसले. मग टाळ्या वाजल्या.

त्या टाळ्यांनीच माझं डोकं फिरलं असेल. कारण पुढं सगळं जमतच गेलं. ज्यांनी धुळ्यापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं त्यांचे पासपोर्ट आले. व्हिसा लांबणार म्हणत होते, तो नवव्या दिवशी आला. कापणीच्या सणाला बायकांनी कोंबड्या, भोपळे, कपाशीची पहिली वेचणी आणून देवळात ठेवली. एकेक दार उघडत होतं आणि मी पाळकसाहेबांना म्हणत होतो, बघा, देव कसा पुढं चालतोय. रात्री अंथरुणात पडलो की वाटायचं, आपल्यासारख्या मेस्त्र्याला त्यानं हाताशी धरलंय.

पाच जण जायचे होते. चौघं ठरले, त्यांत रुपचंद सुतार होता. पाचवा गवंडी हवा होता आणि त्यासाठी सात नावं आली. त्यात भूषणचं होतं. तू माझ्या ओट्यावर आलीस. तुझे शब्द मला अजून ऐकू येतात. "मना एकच पोऱ्या शे, भाऊ. मी नही म्हनस. पन देवनी सांगं ते मी कोन अडावनारी?" तुझा नकार होता, फक्त देवानं सांगितलं तर तू अडवणार नव्हतीस.

मग चिठ्ठ्या टाकल्या. आपली रीत तुला मी काय सांगू. पंचानं दिवसभर उपास करायचा, एकट्यानं बसून नावं लिहायची, गुंडाळून पितळी तांब्यात टाकायची. मंडळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं एक काढायची. आणि उरलेल्या कुणी उघडून बघायच्या नाहीत, तशाच चुलीत घालायच्या, कारण देवानं एकदा सांगितल्यावर त्याला परत विचारायचं नसतं. कौतिकबाईनं हात घातला. तिला तर दिसतही नाही. पाळकांनी चिठ्ठी वाचली, भूषणचं नाव निघालं. तू पहिल्या बाकावर होतीस. तू डोळे पुसलेस, उठलीस, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवलास.

सगळं तुझ्यासमोर झालं, सुंदर. कुणी काही लपवलं नाही. पाळक होते, कमिटी होती, सगळी मंडळी होती. चिठ्ठी कौतिकबाईनं काढली.

तोताराम


१६ मार्च २०२५

सुंदर,

मागचं पत्र टाकल्यापासून मला स्वस्थता नाही. वहिनीशी विनाकारण भांडलो. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवलं, आणि मीठ काही जास्त नव्हतं.

तुला एक गोष्ट मी सांगितली नव्हती. मी कुणालाच सांगितली नाही.

भूषण तिकडं गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याचा मला फोन आला होता. तुला केला नाही, तू घाबरशील म्हणून मला केला. म्हणाला, "मामा, चार दिवस झाले, अंगात कणकण आहे. डोकं फुटायला आलंय. इथून शहराचा दवाखाना लांब आहे. मी परत येऊ का? तिकीट बदलता येईल म्हणतात." आणखी काहीतरी सांगत होता, तिथल्या कमानीबद्दल. मी ऐकून घेतलं नाही.

मी त्याला काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "सात जणांतून देवानं तुझं नाव काढलंय. आपल्या अंगात जरा कसर आली म्हणून देवाचं काम टाकून यायचं? गोळी घे, कमानीच्या माथ्यावर चावीचा दगड बसव, मग ये." मग "बरं मामा" म्हणाला.

सहाव्या दिवशी रुपचंदचा फोन आला. मलेरिया डोक्यात गेला होता. ट्रकमध्ये गादी टाकून नेत होते, वाटेतच संपलं.

मी त्याला ये म्हणालो असतो तर तो आला असता. माझा शब्द त्यानं कधी मोडला नाही. बाप गेल्यावर मीच त्याच्या हातात थापी दिली, ओळंबा कसा धरायचा ते दाखवलं. शिव्याही घातल्या, पण पोरगा उलटून बोलला नाही. तुला भांडायचं तर माझ्याशी भांड. अमळनेरहून शिरपूरला एसटी आहे, ये आणि माझ्या तोंडावर बोल. देवाला सोड.

तोताराम


६ एप्रिल २०२५

सुंदर,

मला वाटलं होतं, तू येशील आणि माझ्या अंगणात उभी राहून मला शिव्या देशील. मी वाट बघत होतो. एसटीच्या वेळेला फाट्यावर जाऊन बसत होतो, खरं सांगतो.

आणि तू मेघाकडून काय निरोप धाडलास? "भाऊचं काही चुकलं नाही. देवानं निवडलं होतं, तर मध्येच कसं यायचं? भाऊनं सांगितलं ते बरोबरच सांगितलं. भाऊला म्हणावं, जिवाला लावून घेऊ नको. माझं भांडण वर आहे."

मेघानं हे फोनवर सांगितलं आणि मी फोन खाली ठेवून गोठ्यात जाऊन बसलो. तू मला माफ करतेस. माझी बाजू घेतेस. आणि ज्यानं काही केलं नाही त्याच्याशी वैर धरून बसलीस. मला आता हे सहन होत नाही.

खाली लिहितो ते एकटीनं वाच. मेघाला नंतर दाखव.

तांब्यात सात चिठ्ठ्या होत्या. सातही चिठ्ठ्यांवर भूषणचं नाव होतं. मी लिहिलं होतं.

सकाळपासून उपास होता, दार लावून बसलो होतो. पहिली चिठ्ठी ज्ञानेश्वरची लिहिली. लिहिताना मनात आलं, हा निघाला तर? ज्ञानेश्वर प्लास्टर बरं करतो, पण कमान त्याच्या बापानंही बांधली नाही. बाकीचे पाच त्याच लायकीचे. सात समुद्र ओलांडून आपण जायचं आणि देवळाला कमान नाही, हे माझ्या डोळ्यांपुढं येईना. आपल्या देवळाला आहे ना, म्हणून. आणि ती फक्त भूषणला येत होती, कारण मी शिकवली होती. मी स्वतःशी म्हणालो, देवालाही भूषणच हवा असणार. त्याला काय कळत नाही का? मग चिठ्ठीवर नाव कुणाचं का असेना, देवाला मी थोडी मदत करतोय. ज्ञानेश्वरची चिठ्ठी फाडली आणि सात वेळा भूषण लिहिलं. मला बरं वाटलं, भिंत ओळंब्यात आल्यावर वाटतं तसं.

तू ओट्यावर येऊन बोलून गेली होतीस, ते मला त्या वेळी आठवत होतं. देवानं सांगितलं तर अडवणार नाही, म्हणाली होतीस. म्हणजे तू एका देवाच्याच शब्दावर पोरगं सोडणार होतीस, हे मला माहीत होतं. माहीत असून मी त्याचा शब्द माझ्या हातानं लिहिला. आपल्या रीतीप्रमाणं उरलेल्या सहा चिठ्ठ्या तुझ्या वहिनीनं चुलीत घातल्या. तिला आजही माहीत नाही.

आता कमानीचं ऐक. गेल्या महिन्यात रुपचंदनं मला मोबाइलवर फोटो दाखवले. देवळाच्या दारावर सिमेंटचा सरळ बीम आहे. मी म्हटलं, कमान? तो म्हणाला, "कमान कुठली, नाना? त्यांना कमान नकोच होती. लोखंड, सिमेंट आलेलं होतं, दोन दिवसांत बीम ओतला. भूषण तर आमच्याबरोबर विटाच वाहत होता." पोरगा फोनवर तेच सांगत होता, सुंदर. मामा, इथं कमान नाहीच. आणि मी म्हणालो, चावी बसव, मग ये. विटा ज्ञानेश्वरनंही वाहिल्या असत्या. कुणीही वाहिल्या असत्या.

तेव्हा देवानं तुझ्या पोराचं नाव काढलं नाही. मी काढलं. देवाला मी विचारलंच नव्हतं. कदाचित खऱ्या चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर ज्ञानेश्वर निघाला असता आणि भूषण आज शिरपूरला कुणाच्या तरी बंगल्यावर काम करत असता. कदाचित भूषणच निघाला असता. ते आता कुणालाच कळणार नाही, तुलाही नाही आणि मलाही नाही. तेवढंही मी तुला ठेवलं नाही.

व्हिसा नवव्या दिवशी आला ते देवानं केलं की नुसताच आला, हेही मला आता कळत नाही. प्रार्थनेला बसतो आणि पुढं कुणी आहे असं वाटत नाही. आणि असलं तर त्यानं माझ्याकडं पाठ केलेली बरी. मी तोंड कसं दाखवू?

तू देवळात जा. तुझं भांडण त्याच्याशी नव्हतंच.

तोताराम


२२ एप्रिल २०२५

सुंदर,

तुझं कार्ड मला गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मिळालं. पोस्टमननं हातात दिलं, म्हणजे त्यानंही वाचलं असणार. वाचू दे. तीनच ओळी होत्या, मला पाठ झाल्या आहेत. "भाऊ, देवाशी माझं भांडण मिटलं. ईस्टरला खैरपाड्याच्या देवळात येईन, भूषणचा बाप्तिस्मा तिथंच झाला होता. तू असशील तर दारातून परत जाईन."

इकडचं थोडक्यात सांगतो. तुझं कार्ड यायच्या आधीच, ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी, उपासना संपल्यावर मी उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं. नाशिकला उभा राहिलो होतो तसाच, फक्त या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कौतिकबाई म्हणाली, "म्हणजे माझा हात तू वापरलास," आणि काठी शोधत बाहेर गेली. ज्ञानेश्वर बराच वेळ माझ्याकडे बघत उभा होता, मग निघून गेला. पंचांतून माझं नाव काढून टाकलं. दुसरी तुकडी जाणार आहे, पण चिठ्ठ्या टाकणार नाहीत. ज्याला छताचं काम येतं त्याला विचारणार आणि त्याच्या घरच्यांना विचारणार. एवढं सोपं होतं ते.

वहिनी माझ्याशी बोलत नाही. चिठ्ठ्या तिनं जाळल्या होत्या, ते तिच्या मनातून जात नाही. ताट वाढून ठेवते आणि बाजूला होते.

ईस्टरला पहाटे तिनं पातळ नेसलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तू जा, मी घरी आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी ईस्टरला घरी राहिलो. देऊळ चारशे पावलांवर आहे, गाणं ऐकू येतं. दुसऱ्या गीताला तुझा आवाज लागला तो मी ओळखला. दहा महिने तो गळा बंद होता, तरी सूर खाली आला नाही. मी दार उघडून उंबऱ्यात बसलो आणि शेवटच्या गीतापर्यंत तिथंच होतो. मला रडू आलं, पण ते कशासाठी ते सांगता येणार नाही. तुझं तुला परत मिळालं म्हणून असेल. किंवा ते ऐकताना माझ्या आत काहीच हललं नाही म्हणूनही असेल.

वहिनी आल्यावर एवढंच बोलली, की तू पहिल्या बाकावर बसली होतीस आणि जाताना मेघाला म्हणालीस, इथं बरं वाटतं, पण पुन्हा यायचं कसं, भाऊ तर इथंच राहतो.

तर त्याची काळजी करू नको. अमळनेरहून सकाळची पहिली एसटी पकड, उपासनेच्या आधी पोचशील. दर रविवारी ये. मी दर रविवारी घरी असेन, आणि तू निघून जाईपर्यंत बाहेर येणार नाही.

तोताराम